फॉलिक अ‍ॅसिड: ‘दिवस राहिल्यावर बघू’ म्हणजे उशीर

‘दिवस गेले की फॉलिक अ‍ॅसिडची (हे एक ब जीवनसत्त्व) गोळी सुरू करायची’ हा समज घरोघरी आहे, आणि तो चुकीचा आहे. ज्या नळीपासून बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू बनतात, ती गर्भधारणेनंतर साधारण 28 दिवसांत मिटते, आणि ती नीट मिटायला फॉलिक अ‍ॅसिड लागतं. पाळी चुकून चाचणी होईपर्यंत त्यातले निम्म्याहून अधिक दिवस गेलेले असतात. नाव नोंदवायला तर बहुतेक जणी त्याहून उशिरा जातात. नळी उघडी राहिली, तर नंतरची गोळी ती मिटवू शकत नाही.

म्हणून मूल हवं असं ठरल्यापासून, निदान महिनाभर आधी, रोज 400 मायक्रोग्रॅम. पुढे गर्भारपणाचे बारा आठवडे पूर्ण होईपर्यंत. पालक-मेथी जरूर खा, पण शिजवताना त्यातलं फोलेट (फॉलिक अ‍ॅसिडचं अन्नातलं रूप) बरंच उडतं, तेवढ्यावर भागत नाही. दुकानात सर्रास मिळणारी 5 मिलिग्रॅमची गोळी याच्या साडेबारा पट असते. आधीच्या बाळाला असा दोष असेल किंवा फिटची औषधं चालू असतील, तर मोठा डोस लागतो; तो डॉक्टरांनीच ठरवायचा. फिटची औषधं मात्र परस्पर बंद करू नका.