शिप्टन आणि स्किप्टन: इंग्लंडच्या गावांवर उमटलेली व्हायकिंगांची जीभ

इंग्लंडच्या नकाशावर ऑक्सफर्डशरमध्ये शिप्टन आहे आणि यॉर्कशरमध्ये स्किप्टन. दोन्ही नावांचा मूळ अर्थ एकच, मेंढ्यांची वाडी. लंडनमधील चिझिक आणि लेक डिस्ट्रिक्टमधील केझिक ही नावेही चीज तयार करणाऱ्या वाडीवरूनच पडलेली आहेत. दक्षिणेत जिथे ‘श’ आणि ‘च’ ऐकू येतो, तिथे उत्तरेत ‘स्क’ आणि ‘क’ का यावा, याचे कारण नवव्या शतकात सापडते.

८६५ साली डॅनिश व्हायकिंगांचे, म्हणजे स्कँडिनेव्हियातून आलेल्या दर्यावर्दी लढवय्यांचे, सैन्य इंग्लंडमध्ये उतरले, पुढच्याच वर्षी त्याने यॉर्क घेतले, आणि ८७६ साली हाफडान या सरदाराने उत्तर इंग्लंडमधील नॉर्थंब्रिया राज्याची जमीन आपल्या माणसांना वाटून दिल्यावर ती माणसे नांगर धरू लागली, अशी नोंद अँग्लो-सॅक्सन बखरीत आहे. या वसाहतवाल्यांनी दिलेली नावे ‘बी’ किंवा ‘थॉर्प’ या शेवटांवरून सहज ओळखता येतात: ग्रिम्झबी, व्हिटबी, स्कनथॉर्प. डर्बीचे जुने इंग्रजी नाव तर पूर्ण पुसले गेले. मला मात्र स्किप्टनसारखी नावे अधिक मोलाची वाटतात, कारण तिथे नाव इंग्रजीच राहिले आणि बदलला तो केवळ उच्चार.

‘क’ म्हणताना जिभेचा मागचा भाग मृदू तालूला टेकतो, तर ‘इ’ किंवा ‘ए’ म्हणताना जीभ पुढे, कठोर तालूकडे उचलली जाते. ‘कि’ किंवा ‘के’ म्हणताना पुढच्या स्वराच्या तयारीत जीभ आधीच पुढे सरकते, आणि ही सरकण पिढ्यानपिढ्या वाढत गेली की ‘क’चा ‘च’ होतो. याला तालव्यीकरण म्हणतात. मराठीत ‘कसा’चे स्त्रीलिंगी रूप ‘कसी’ न होता ‘कशी’ होते आणि ‘म्हैस’चे अनेकवचन ‘म्हशी’ होते, ते याच प्रवृत्तीमुळे. जुन्या इंग्रजीत हा बदल व्हायकिंग येण्यापूर्वीच झाला होता. तिथे अग्रस्वरांच्या, म्हणजे ‘इ’, ‘ए’सारख्या स्वरांच्या, शेजारचा ‘क’ ‘च’ झाला आणि ‘स्क’ तर बहुतेक सर्वत्र ‘श’ झाला. स्कँडिनेव्हियन लोकांच्या तोंडी मात्र जुने ‘क’ आणि ‘स्क’ शाबूत होते. आपण रोज वापरतो ते ‘शर्ट’ आणि ‘स्कर्ट’ हे शब्द मुळात एकच असून, पहिला इंग्रजी वाटेने आला आणि दुसरा नॉर्स, म्हणजे व्हायकिंगांच्या भाषेच्या, वाटेने.

पुरावा गोळा करणे मात्र किचकट असते. जुन्या इंग्रजीत ‘स्क’ आणि ‘श’ हे दोन्ही उच्चार ‘एस-सी’ याच अक्षरांनी लिहिले जात, तर १०८६ च्या ‘डूम्सडे बुक’ या इंग्लंडच्या जमिनींच्या नोंदवहीतील नॉर्मन, म्हणजे फ्रेंच बोलणारे, लेखनिक ‘क’ ध्वनीसाठी पुष्कळदा ‘सी-एच’ लिहीत. त्यामुळे एकट्या जुन्या स्पेलिंगवर विसंबता येत नाही. नंतरच्या शतकांतील नोंदी आणि आजचा स्थानिक उच्चार यांच्याशी ते ताडून पाहावे लागते. यॉर्कशरच्या बोलीत चर्चला ‘कर्क’ आणि ब्रिजला ‘ब्रिग’ म्हणत, ही रूपे अशा वेळी साक्षीला येतात.

लाळेचा नमुना पाठवा आणि आपण किती टक्के व्हायकिंग आहोत ते जाणून घ्या, अशा जाहिरातींकडे मी संशयाने पाहतो. २०१५ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनच्या जनुकीय पाहणीत ऑर्कनी बेटांवर नॉर्वेचा वाटा सुमारे २५ टक्के दिसला, पण डॅनिश सत्तेखालील इंग्लंडमध्ये डॅनिश व्हायकिंगांचा स्पष्ट ठसा आढळला नाही. त्यांच्या कित्येक शतके आधी आलेले अँगल लोकही (ज्यांच्या बोलीतून जुनी इंग्रजी घडली) डेन्मार्कच्याच आसपासचे असल्याने दोघांची जनुके वेगळी काढणे कठीण जाते. उच्चारांत तो फरक अजून दिसतो, कारण तालव्यीकरणाने या दोन शेजाऱ्यांच्या भाषा आधीच वेगळ्या केल्या होत्या.

नॉर्वेत पुढे हाच बदल उशिराने घडला. तिथे आज जहाजाला लिहितात ‘स्किप’, पण म्हणतात ‘शिप’.