बोधनिक मानसशास्त्र आणि न्यूरोसायन्समध्ये पीएचडी: अमेरिकी विद्यापीठांत अर्ज कसा करायचा?

लक्ष, स्मृती, भाषा, निर्णय हे सगळं डोक्यात कसं घडतं यावर संशोधन करायचं असेल, तर अमेरिकी विद्यापीठांत आत शिरायची मुख्य दारं दोन. एक मानसशास्त्र विभागाचं, दुसरं न्यूरोसायन्सच्या आंतरशाखीय प्रोग्रॅमचं. एकाच प्राध्यापकाची लॅब कित्येकदा दोन्ही दारांतून गाठता येते, पण निवडीची रीत वेगळी आहे. तरीही बरेच जण एकच निबंध दोन्हीकडे पाठवून मोकळे होतात.

मानसशास्त्र विभागात विद्यार्थी बहुधा थेट एका मार्गदर्शकाकडे घेतला जातो. त्या प्राध्यापकांना यंदा नवा विद्यार्थी घ्यायचाच नसेल, तर उत्तम अर्जही वाया जातो. म्हणून फी भरण्याआधी लॅबचं पान बघा. तिथे खुलासा नसेल तर चार ओळींचा ईमेल करा. तुम्ही कोण, काय काम केलंत, त्यांच्या कोणत्या पेपरमधला कोणता मुद्दा तुम्हाला पुढे न्यावासा वाटतो आणि यंदा विद्यार्थी घेणार आहात का. बास. न्यूरोसायन्समध्ये मात्र प्रवेश सहसा प्रोग्रॅममध्ये मिळतो. पहिल्या वर्षी दोन-तीन लॅबमध्ये काही आठवडे 'रोटेशन' करायचं आणि मग मुक्काम ठरवायचा. इथे निबंधात एकाच नावाला चिकटून राहू नका, तीन-चार लॅब सांगा.

पात्रतेला सहसा पदवी पुरते, मास्टर्स सक्तीची नसते. युरोपात बऱ्याच ठिकाणी ती लागते. पदवी तीन वर्षांची असेल तर ती चालते का, हे प्रत्येक विद्यापीठाच्या नियमांत तपासा. विषयाचं बंधन सैल आहे. मानसशास्त्राबरोबर जीवशास्त्र, भौतिकशास्त्र, संगणकशास्त्रातलेही विद्यार्थी घेतले जातात. संख्याशास्त्र आणि पायथन किंवा आरमधलं प्रोग्रॅमिंग येत असेल तर अर्ज वजनदार होतो. एक गैरसमज इथेच दूर करू: ही संशोधनाची पदवी आहे. तिच्यावर रुग्णांचे उपचार करता येत नाहीत, त्यासाठी क्लिनिकल सायकॉलॉजीचा वेगळा मार्ग आहे.

कागदपत्रांत गुणपत्रकं, सीव्ही, उद्देशपत्र म्हणजे एसओपी, तीन शिफारसपत्रं आणि लागू असल्यास टोफेलसारखी इंग्रजीची परीक्षा. अर्जाच्या वेळी बहुतेक ठिकाणी गुणपत्रकांच्या स्कॅन प्रती चालतात, सीलबंद प्रती प्रवेश मिळाल्यावर मागतात. नावाचं स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे सगळीकडे एकच ठेवा. टोफेलचे गुण दोन वर्षं आणि जीआरईचे, म्हणजे पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या सामायिक परीक्षेचे, पाच वर्षं वैध असतात. जीआरई सप्टेंबर २०२३ पासून दोन तासांच्या आत उरकते, पण अनेक विभागांनी तिची अटच काढली आहे. 'ऐच्छिक' आणि 'स्वीकारत नाही' यांतला फरक नीट वाचा.

खरा वेळ द्यायचा तो एसओपीला. 'मला लहानपणापासून मेंदूचं कुतूहल आहे' हे वाक्य समितीने इतक्यांदा वाचलेलं असतं की नजर त्यावर थांबतच नाही. केलेलं काम दाखवा. समजा तुम्ही स्ट्रूप चाचणी घेतलीत: पडद्यावर 'लाल' हा शब्द हिरव्या रंगात येतो आणि सहभागीने शब्द न वाचता रंग सांगायचा. उत्तराला वेळ लागतो हे १९३५ पासून ठाऊक आहे, ते परत सांगून काय मिळणार? किती जणांचा डेटा वगळावा लागला आणि का, प्रतिसादाच्या वेळांचा आलेख एका बाजूला लांबट निघाला तेव्हा काय केलंत, अपेक्षेबाहेरच्या निकालातून कोणता प्रश्न सुचला, हे लिहा. सीव्हीतही 'ईईजीचा अनुभव' (ईईजी म्हणजे डोक्यावरून मेंदूतल्या विद्युत लहरी नोंदवणं) एवढंच नको. टोपी बसवणं, जेल भरणं, डोळ्यांच्या उघडझापीचे झटके डेटातून काढणं, यांतलं तुम्ही स्वतः काय केलंत?

शिफारसपत्रं लिहिणारे स्वतः लिंकवरून अपलोड करतात. पत्र वाचण्याचा हक्क सोडता का, असा प्रश्न फॉर्ममध्ये येतो. सोडलेला बरा, म्हणजे पत्रावर विश्वास बसतो. तुम्हाला लॅबमध्ये काम करताना पाहिलेल्या माणसाचं पत्र मोठ्या पदावरच्या अनोळखी व्यक्तीच्या पत्रापेक्षा कधीही भारी. निदान महिनाभर आधी विचारा.

पैशांचं: पीएचडीला बहुधा ट्यूशन फी माफ असते आणि शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाबदल्यात स्टायपेंड मिळतो. मात्र नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थचं टी-३२ प्रशिक्षण अनुदान आणि नॅशनल सायन्स फाउंडेशनची ग्रॅज्युएट फेलोशिप अमेरिकी नागरिक व कायम रहिवाशांसाठीच आहेत. बाहेरून येणाऱ्याला कोणत्या निधीतून घेतात, हे मुलाखतीत बिनधास्त विचारा. अर्जाची फी जड वाटत असेल तर फीमाफीचा अर्ज मुदतीच्या बराच आधी करावा लागतो.

बहुतेक मुदती डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात संपतात, मुलाखती जानेवारी-फेब्रुवारीत होतात. आर्थिक मदतीसह जागा देऊ केलेल्या विद्यार्थ्याला १५ एप्रिलपर्यंत विचार करायला मुभा असावी, असा ठराव कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सचा आहे आणि पुष्कळ विद्यापीठं तो पाळतात. एक जागा नक्की केलीत की बाकीच्यांना त्याच दिवशी नकार कळवा; तिथली प्रतीक्षायादी तुमच्या ईमेलवर अडलेली असते.