लसीकरणोत्तर हृदयदाह

काही लशी घेतल्यानंतर क्वचित हृदयाच्या स्नायूला किंवा आवरणाला येणारी सूज. स्नायूला आली तर मायोकार्डायटिस, आवरणाला आली तर पेरिकार्डायटिस. हार्ट अटॅक वेगळा. त्यात हृदयाची रक्तवाहिनी तुंबते.

देवीच्या लशीनंतर अशी सूज येते, हे 2003 मध्ये अमेरिकी सैनिकांच्या लसीकरणात ठळकपणे दिसले होते. कोविडकाळात एमआरएनए लशींबाबतचा (पेशींना विषाणूचे प्रथिन बनवण्याचा जनुकीय संदेश देणाऱ्या लशी; फायझर, मॉडर्ना या त्यातल्या) पहिला इशारा इस्रायलमधून आला. जून 2021 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फायझर आणि मॉडर्नाच्या माहितीपत्रकात तो घातला. सर्वाधिक प्रमाण 16-17 वर्षांच्या मुलग्यांत, दुसऱ्या डोसनंतर: फायझरच्या 10 लाख डोसांमागे सुमारे 106. दोन डोसांतले अंतर वाढवले की धोका कमी होतो. खुद्द कोविडनेही हृदयदाह होतो, हे चर्चेत बहुधा राहूनच जाते.

लस घेतल्यावर साधारण आठवड्याच्या आत छातीत दुखते, धाप लागते, धडधडते. आवरणाला सूज असेल तर आडवे झाल्यावर कळ वाढते आणि पुढे वाकून बसले की बरे वाटते. 'ॲसिडिटी असेल' म्हणून वेळ काढू नये. ईसीजी, रक्तातील ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारे प्रथिन) आणि टू-डी इको यांवरून निदान होते. बहुतेक रुग्ण विश्रांती व सूज उतरवणाऱ्या गोळ्यांनी बरे होतात. जिम, धावणे मात्र तीन ते सहा महिने बंद.

नाशिककरांच्या दंडात गेली ती प्रामुख्याने कोविशील्ड आणि कोव्हॅक्सिन. यांतली एकही एमआरएनए नाही. फायझर-मॉडर्ना भारताच्या लसीकरण मोहिमेत नव्हत्याच. कोविशील्डचा दुर्मीळ धोका रक्ताच्या गुठळ्यांचा, तो निराळा. तरीही नाशिकच्या गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकवर कुणी तरुण दगावल्याची बातमी निघाली की 'लशीमुळेच' हे ठरलेले असते. याच शहरात जून 2021 मध्ये लशीनंतर अंगाला चमचे-नाणी चिकटतात असा दावा गाजला होता. त्यापेक्षा हृदयदाहाची शंका रास्त, फक्त पत्ता चुकलेला.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 18 ते 45 वयोगटातील आकस्मिक मृत्यूंचा अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध केला. त्यात लशीमुळे धोका वाढल्याचे आढळले नाही. कोविडमुळे पूर्वी रुग्णालयात दाखल होणे, घराण्यात असे मृत्यू झालेले असणे आणि मृत्यूआधीच्या 48 तासांतले अतिमद्यपान यांचा संबंध मात्र दिसला.