प्रोसेसर वाट कुणाची बघतो?

मे महिन्याच्या सुट्टीत सांगलीला बहिणीकडे गेलो होतो. भाच्याने चहासुद्धा संपू दिला नाही, एक कोटेशन पुढे ठेवलं. नवा प्रोसेसर, नवा मदरबोर्ड, डीडीआर-५ची, म्हणजे नव्या पिढीची, ३२ जीबी रॅम. "मामा, एवढं घेतलं की गेम अडकायचा थांबेल ना?"

त्याच्याकडे रायझन ५ २६०० आहे, बी४५० मदरबोर्ड, जीटीएक्स १६६० ग्राफिक्स कार्ड आणि आधीच्या पिढीच्या डीडीआर-४ रॅमची ८ जीबीची एकच स्टिक (पट्टी). शहराच्या गर्दीतून गाडी पळवताना चित्र मध्येच आचके देतं, ही त्याची तक्रार. पैसे घालण्याआधी दोघांनी एक साधा प्रयोग केला. रिझोल्यूशन १०८०वरून ७२०वर आणलं. ग्राफिक्स कार्डाला रंगवायचे ठिपके निम्म्याहून कमी झाले. कार्ड कमी पडत असतं तर एफपीएस, म्हणजे दर सेकंदाला दिसणारी चित्रं, झटक्यात वर गेले असते. ते जागचे हलले नाहीत. म्हणजे कार्ड रिकामं बसलं होतं आणि अडलं होतं प्रोसेसरच्या बाजूला. हा प्रयोग फुकट आहे आणि पाच मिनिटांत होतो. अपग्रेड करणाऱ्या प्रत्येकाने तो आधी करावा.

पण "प्रोसेसरच्या बाजूला" अडलं म्हणजे प्रोसेसरच मंद आहे, असं नाही. बरेचदा तो नुसता वाट बघत असतो.

त्याच्या १४४ हर्ट्‌झच्या मॉनिटरला दर ७ मिलिसेकंदांनी नवं चित्र लागतं. ४ गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर एका ठोक्याला पाव नॅनोसेकंद घेतो. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा साडेसात सेंटिमीटरच जातो. आता हाच प्रोसेसर रॅमकडे एखादी माहिती मागतो, तेव्हा ती हातात पडायला साधारण ८० नॅनोसेकंद जातात. म्हणजे तीनशेच्या आसपास ठोके हातावर हात धरून बसायचं!

रॅम इतकी सावकाश का? याचं उत्तर सांगलीकराला हरिपूरच्या हळदीच्या पेवांवरून चटकन कळेल. पेव म्हणजे जमिनीखालचं कोठार. त्यात माल भरपूर मावतो. पण पेव उघडायचं म्हणजे वरची माती काढायची, तोंड मोकळं करायचं, आतली कोंडलेली हवा जाऊ द्यायची, मगच माणूस खाली उतरणार. हा वेळ एक पोतं काढा की शंभर, तेवढाच. एकदा उघडल्यावर मात्र पोती भराभर वर येतात.

पीसीतली रॅम डीरॅम प्रकारची असते, आणि तिचं अगदी असंच आहे. आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ मध्ये तिचं पेटंट मिळालं. एक ट्रान्झिस्टर आणि एक इवलासा कपॅसिटर, एवढ्यात एक बिट. त्यातला विद्युतभार इतका क्षीण असतो की वाचायचा म्हटला तर आधी हजारो पेशींची अख्खी ओळ उघडावी लागते, भार मोजून तो मोठा करावा लागतो आणि वाचल्यावर पुन्हा भरून ठेवावा लागतो. शिवाय तो गळतो, म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांनी नुसता टिकवण्यासाठीही भरायचा.

आता खोक्यावरचे आकडे बघा. सीएल नावाचा आकडा घ्या, त्याला २००० ने गुणा आणि रॅमच्या वेगाच्या आकड्याने भागा. ओळ उघडल्यानंतर पहिला माल यायला किती नॅनोसेकंद लागतात, ते मिळेल. डीडीआर-४ ३२००, सीएल १६ : १० नॅनोसेकंद. डीडीआर-५ ६०००, सीएल ३० : तेही १०. वीसेक वर्षांपूर्वीच्या चांगल्या डीडीआर-४००, सीएल २ रॅमचं उत्तरही १० च! मला हे गणित फार आवडतं. रॅम नवी झाली तसे पेवातून पोती वाहणारे हमाल वाढले, पहिलं पोतं हाती यायचा वेळ जवळपास तेवढाच राहिला.

म्हणून व्यापारी रोजच्या विक्रीची हळद पेवात ठेवत नाही, दुकानात हाताशी ठेवतो. प्रोसेसरमध्येच एक छोटी, चपळ मेमरी असते, तिला कॅश म्हणतात. ती म्हणजे ही दुकानातली पोती. तिच्यात एका बिटाला सहा ट्रान्झिस्टर लागतात, जागा खूप खाते, म्हणून ती थोडीच असते. सिनेमा बघताना माहिती ओळीने लागते. पुढचं काय हवं ते ओळखून प्रोसेसर आधीच मागवून ठेवतो. गेममध्ये तसं जमत नाही. ही गाडी, तो माणूस, त्याच्या हातातली वस्तू, सगळं रॅममध्ये विखुरलेलं, आणि खेळणारा कुठे वळेल याचा नेम नाही. कॅश मोठी असेल तर या धावपळीतलं पुष्कळसं हाताशीच सापडतं.

याचा सर्वांत चांगला पुरावा २०२२ मध्ये आला. एएमडीच्या रायझन ७ ५८००एक्समध्ये ३२ एमबी एल-३ (तिसऱ्या पातळीची) कॅश होती. ५८००एक्स३डीमध्ये चिपवरच आणखी ६४ एमबीचा थर चढवून ती ९६ केली. बदल्यात वेग ४.७ गिगाहर्ट्‌झवरून ४.५ वर उतरवावा लागला. तरी बहुतेक गेममध्ये कमी गिगाहर्ट्‌झवालाच पुढे राहिला. व्हिडिओ रेंडर करणाऱ्याला मात्र त्या थराचा फारसा उपयोग नाही. ते काम करायचं असेल तर जास्त कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग) घ्यावेत.

भाच्याच्या २६००मध्ये एल-३ कॅश १६ एमबी, तीही दोन तुकड्यांत. त्यात रॅमची एकच स्टिक, म्हणजे पेवाच्या दोन वाटांपैकी एकच चालू. आणि ८ जीबी भरली की विंडोज माहिती एसएसडीवर ढकलतं. तिथून ती परत आणायला रॅमच्या शेकडो पट वेळ जातो. त्याचे आचके मला मुख्यतः इथलेच वाटले.

म्हणून माझा सल्ला: कोटेशन बाजूला ठेव. २०२५ च्या शेवटी एआयच्या डेटा सेंटरांची मागणी वाढल्याने रॅमचे भाव चढले, तेव्हा हाताशी असलेली डीडीआर-४ सोडू नकोस. त्याच मॉडेलची दुसरी स्टिक घे. प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत दोन्ही बसव आणि बायोसमध्ये (मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) एक्सएमपी नावाची सोय चालू कर. ते बंद असलं तर रॅम बहुतेकदा खोक्यावरच्या वेगाने धावतच नाही, आणि कित्येकांच्या पीसीत ते वर्षानुवर्षं बंदच असतं. पुढे प्रोसेसर बदलायचा तर याच मदरबोर्डवर रायझन ५ ५६०० बसतो, आणि बाजारात मिळाला तर ९६ एमबीचा ५७००एक्स३डीसुद्धा. सगळंच नव्याने घेणाऱ्याने मात्र एएम५ (एएमडीच्या नव्या प्रोसेसरांचं सॉकेट) आणि डीडीआर-५ हाच रस्ता धरावा. इंटेलचा बाराव्या ते चौदाव्या पिढीचा प्रोसेसर घेणार असाल तर मदरबोर्ड डीडीआर-४चा आहे की ५चा ते आधी बघा, एका बोर्डवर सहसा दोहोंपैकी एकच चालते.

त्याने दुसऱ्या दिवशी स्टिक आणली. संध्याकाळी तोच गेम, तीच गर्दी. आचके पूर्ण गेले नाहीत, पण मोजके उरले, आणि ग्राफिक्स कार्ड पहिल्यांदा नीट राबताना दिसलं. आता ५६००साठी पैसे साठवणं चाललंय. त्याआधी जुन्या प्रोसेसरवरच बायोस अपडेट करायचं आहे. ते चालू असताना वीज गेली तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो, म्हणून तो शेजारच्या दादाचा यूपीएस मागून आणणार आहे.