सराव पाठातली इंग्रजीची साधनं (सातारा-सांगली)

बी.एड. किंवा डी.एल.एड. या शिक्षक प्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमांचे छात्राध्यापक (शिकाऊ शिक्षक) इंटर्नशिपला शाळेत जातात, तिथे इंग्रजी नव्याने शिकणाऱ्या मुलांना पुस्तक, तक्ते, शब्दकार्डं, डिक्शनरी, मोबाइल ही वर्गातली साधनं स्वतःच्या हाताने वापरायला शिकवणं म्हणजे हा विषय. नुसता तक्ता भिंतीला अडकवला की साधन वापरलं असं पाठ टाचणात (पाठाच्या लेखी आराखड्यात) लिहिता येतं, पण मुलाला त्यातून काही मिळत नाही.

महाराष्ट्रात २००० पासून इंग्रजी पहिलीपासूनच आहे. तरी इथल्या जिल्हा परिषद शाळेतल्या बहुतेक मुलांच्या कानावर इंग्रजी पडतं ते त्या एका तासालाच, जत तालुक्यात तर कितीतरी घरांत कन्नड बोलतात म्हणजे तिथल्या मुलांची ही तिसरी भाषा. उसाच्या सीझनला तोडणी कामगारांची मुलं मधेच वर्गात येतात त्यांचा आधीचा भाग सुटलेला असतो, त्यांना शेजारी एक जोडीदार आणि चित्रांची कार्डं दिली की ती लवकर रुळतात.

साताऱ्यात शिक्षक घडवायचं काम जुनं आहे, कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९३५ साली इथे ट्रेनिंग कॉलेज काढलं. आज डाएट, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, साताऱ्याचं फलटणला आहे, सांगलीचं सांगलीतच. बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचं झालं आणि त्यातला शाळेत जायचा काळ वीस आठवड्यांचा, हे फार चांगलं झालं, कारण एका पाठापुरतं साधन नेऊन परत आणलं तर मुलांना त्याची सवय कधी लागणार?

सगळ्यात दुर्लक्ष होतं ते डिक्शनरीकडे. मुलांना अ, आ, क, ख हा क्रम पाठ असतो, ए बी सी डी म्हणताही येते, पण एम आधी की पी आधी हे विचारलं की परत ए पासून सुरू करतात, मग शब्द सापडणार कसा. म्हणून आधी चार-पाच दिवस शब्दकार्डं क्रमाने लावायचा खेळ घ्यावा, मग पहिलं अक्षर सारखं असलेली कार्डं द्यावीत म्हणजे दुसऱ्या अक्षराकडे बघायचं कळतं, आणि त्यानंतरच डिक्शनरी हातात द्यावी, तीसुद्धा दोघांत एक. 'आय कॅन सी अ...' अशी अर्धी वाक्यं पट्टीवर लिहून बाकावर ठेवली तर लाजणारं मूलही बोलतं, पुढचा शब्द ते कार्ड बघून घालतं. अडलं तर मराठीत किंवा कन्नडमध्ये विचारू द्यावं, पाठाच्या निरीक्षणाला कॉलेजचे सर बसलेत म्हणून मुलांना गप्प करू नये.

बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवर उघडतो, त्यात पाठाचे व्हिडिओ असतात. पाटण, जावळीकडे डोंगरात रेंज जाते म्हणून व्हिडिओ घरूनच डाउनलोड करून न्यायचा, वर्गात मधे मधे थांबवून मुलांकडून बोलून घ्यायचं. इंटर्नशिप संपली की कार्डं, पट्ट्या शाळेतच ठेवाव्यात, कुठल्या डब्यात काय आहे ते वर्गशिक्षकांना आणि मुलांना दाखवून.