ब्लॅक पँथर ही वेगळी जात? अजिबात नाही

कर्नाटकातल्या कबिनीच्या जंगलातल्या काळ्या बिबट्याचे, म्हणजे ब्लॅक पँथरचे फोटो फिरायला लागले की खाली कुणीतरी हमखास लिहितंच, हा वेगळाच प्राणी आहे, बिबट्यापेक्षा डेंजर असतो वगैरे. अहो, बिबट्याच तो! अंगात मेलॅनिन (काळा रंग देणारं द्रव्य) जास्त, बस, तिरकं ऊन पडलं की काळ्या अंगावर तेच ठिपके साफ दिसतात. या काळेपणाचा जीन रिसेसिव्ह, म्हणजे एकटा असला की दबून राहणारा असल्याने आई-बाप दोघांकडून यावा लागतो, म्हणून ठिपकेवाल्या मादीलाही काळं पिल्लू होऊ शकतं. पश्चिम घाटातल्या दाट ओल्या जंगलात असे जास्त, पण आपल्या ताडोबाच्या कोरड्या जंगलातही दिसलाय. ओडिशातल्या सिमलीपालचे काळे वाघ मात्र वेगळं प्रकरण, तिथे पट्टेच रुंद होऊन एकमेकांत मिसळलेत, पण जात तीच, पट्टेरी वाघाची.