संविधाननिर्मितीतील लोकसहभाग (दक्षिण आफ्रिका, १९९४–९६)

वर्णभेदी राजवट संपल्यावर कायमस्वरूपी संविधान लिहिताना दक्षिण आफ्रिकेने नागरिकांची मते मागवण्यासाठी राबवलेली प्रक्रिया. एप्रिल १९९४ च्या निवडणुकीत निवडून आलेल्या संसदेची दोन्ही सभागृहे मिळून ४९० सदस्यांची संविधानसभा झाली. सिरिल रामाफोसा तिचे अध्यक्ष होते. मुदत दोन वर्षांची होती, आणि मसुद्याला दोन-तृतीयांश बहुमत लागणार होते.

‘(मतपत्रिकेवर) फुली मारलीत, आता म्हणणे मांडा’ अशा अर्थाची घोषणा देशभर झळकली. लिहिता-वाचता न येणाऱ्यांची संख्या मोठी, म्हणून रेडिओ आणि गावोगावच्या सभांवर भर होता. सुमारे २० लाख निवेदने आली. हा आकडा कौतुकाने सांगितला जातो. मात्र त्यातला मोठा भाग एकेका मागणीच्या अर्जांवरील सह्यांचा होता. फाशीची शिक्षा ठेवा, असा आग्रह अनेकांनी धरला, तो मानला गेला नाही. समलैंगिकांना भेदभावापासून दिलेले संरक्षणही विरोध होऊनही टिकले. नोव्हेंबर १९९५ मध्ये कच्चा मसुदा छापून त्याच्या ४० लाखांहून अधिक प्रती वाटण्यात आल्या.

खरी घासाघीस मात्र बंद दाराआड झाली. मालमत्तेचा हक्क, शाळांतील शिक्षणाची भाषा आणि मालकांचा टाळेबंदीचा (कामगारांना कामावर येण्यापासून रोखण्याचा) अधिकार हे तिढे पक्षनेत्यांनी मुदत संपता संपता सोडवले. इंकाथा फ्रीडम पार्टी हा प्रामुख्याने झुलू समाजाचा पक्ष तर संविधानसभेतून आधीच बाहेर पडला होता. शिवाय संविधानाची चौकट ठरवणारी ३४ तत्त्वे निवडणुकीपूर्वीच्या वाटाघाटींत पक्की झाली होती, म्हणजे लोकांना विचारले ते आखलेल्या रेषांच्या आतले.

८ मे १९९६ रोजी मंजूर झालेला मजकूर याच तत्त्वांवर घासून पाहून घटनात्मक न्यायालयाने सप्टेंबरमध्ये परत पाठवला. प्रांतांच्या अधिकारांना कात्री लागल्याचा आक्षेप त्यात ठळक होता. दुरुस्तीनंतर १० डिसेंबर १९९६ रोजी नेल्सन मंडेला यांनी शार्पव्हिल येथे स्वाक्षरी केली. १९६० मध्ये पोलिसांनी ६९ निदर्शकांना गोळ्या घालून मारले, ते हे ठिकाण.

भारतातही संविधानाचा मसुदा फेब्रुवारी १९४८ मध्ये प्रसिद्ध होऊन लोकांसमोर सुमारे आठ महिने राहिला होता. संविधानसभा मात्र प्रौढ मताधिकाराने निवडलेली नव्हती.

दक्षिण आफ्रिकेत कायदे करतानाही लोकांना सहभागी करून घेण्याचे बंधन संविधानानेच संसदेवर घातले. ते नीट न पाळल्यामुळे २००६ मध्ये घटनात्मक न्यायालयाने आरोग्यविषयक दोन कायदे अवैध ठरवले.